बंदूक विकणाऱ्याला काय दिसतं?

2009 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराला लागून असलेल्या ‘बॅजर गन्स’ या दुकानात दोन तरुण आले. एकाचं वय 18. पिस्तूल त्यानंच पसंत केलं, बोट दाखवून. पण दुकानातून पिस्तूल घ्यायला तिथे 21 वर्षं पूर्ण असावी लागतात, म्हणून अर्ज सोबत्यानं भरला. ‘खरे खरेदीदार तुम्हीच आहात ना?’ अशा अर्थाचा एक प्रश्न त्या सरकारी अर्जात असतो. सोबत्यानं आधी ‘नाही’वर खूण केली होती. ती दुरुस्त झाली, पैसे दिले गेले, माल हातात पडला. या बेनामी खरेदीचे त्याला 40 डॉलर मिळाले. महिनाभरानं फुटपाथवरून सायकल चालवतो म्हणून दोन पोलिसांनी त्या 18 वर्षांच्या मुलाला हटकलं, तेव्हा त्यानं त्याच पिस्तुलातून दोघांवर गोळ्या झाडल्या. दोघे वाचले, एकाचा डोळा गेला.

दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण नंतर कोर्टात दाखवलं गेलं. दुकानदाराच्या वकिलांचं म्हणणं होतं, की विक्रेता फसवला गेला.

बंदुकीच्या दुकानांवर बोट ठेवलं की तिथले लोक पटकन विचारतात, दारू पिऊन कुणी माणूस चिरडला तर गाडी विकणाऱ्याला तुरुंगात टाकणार का? प्रश्न चुकीचा नाही. कायदेशीर वस्तू कायदेशीर रीतीनं विकली आणि तिसऱ्यानंच गुन्हा केला, तर विकणाऱ्याला त्यात ओढणं न्यायाचं नव्हे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी न्यू ऑर्लिन्स, शिकागो अशा शहरांनी बंदूकवाल्यांवर दाव्यांचा सपाटा लावला, तेव्हा हाच युक्तिवाद घेऊन हा धंदा संसदेकडे गेला. ऑक्टोबर 2005 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या कायद्यानं कारखानदार आणि दुकानदार दोघांनाही एकच चिलखत चढवलं. त्यात मोजक्या फटी आहेत. विक्रीचा कायदा जाणूनबुजून मोडला असेल, किंवा समोरचा माणूस धोकादायक आहे हे ठाऊक असताना वा ठाऊक असायला हवं असताना त्याच्या हाती बंदूक दिली असेल, तर दावा चालतो.

माझा आक्षेप त्या ‘दोघांनाही’वर आहे. कारखानदार गिऱ्हाईक पाहत नाही, दुकानदार पाहतो. मेक्सिकोनं अमेरिकी कारखानदारांवर केलेला दावा जून 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं फेटाळला. आपल्या देशातल्या टोळ्यांकडे अमेरिकी बंदुका येतात ही मेक्सिकोची तक्रार खरीच आहे. पण न्यायमूर्ती केगन यांच्या निकालातला मुद्दा असा, की गुन्ह्याला साथ दिल्याचा आरोप करताना मेक्सिकोनं एकही नेमका बेकायदा व्यवहार दाखवलेला नाही. मला हा निकाल पटतो. आणि तो पटतो म्हणूनच बॅजरसारख्या प्रकरणात दुकानदाराला सूट द्यावीशी वाटत नाही. तिथे व्यवहार नेमका होता, चित्रित झालेला होता.

आपल्याकडे शस्त्राचा परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देतात. कुणाला शस्त्र द्यावं हे दुकानदारानं ठरवायचं नसतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत एक अर्ज आणि पार्श्वभूमीची झटपट तपासणी एवढ्यावर काम भागतं. त्या तपासणीत नोंदी दिसतात, माणूस दिसत नाही. माणूस पाहणारा एकटा विक्रेता असतो, आणि शंका आली तर विक्री नाकारायची मुभा त्याला कायद्यानंच आहे.

मिझुरी राज्यात 2012 साली एका आईनं दुकानात फोन केला. मुलीला गंभीर मानसिक आजार आहे, तिनं याच दुकानातून आधी एकदा बंदूक नेली होती, आता पुन्हा येईल, कृपा करून देऊ नका. मुलीची माहितीही तिनं फोनवर दिली. दोन दिवसांनी मुलगी आली, तपासणीत काही आडवं आलं नाही, दुकानानं बंदूक दिली. तासाभरात तिनं वडिलांना ठार मारलं. खालच्या कोर्टानं दावा गुंडाळला होता. 2016 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यातला एक भाग पुन्हा उभा केला आणि दुकानानं 22 लाख डॉलरवर तडजोड केली. तिथेही साध्या निष्काळजीपणाचा दावा टिकला नाही. टिकला तो धोकादायक माणसाच्या हाती बंदूक देण्याच्या फटीतून गेलेला. एवढी विनवणी पुराव्यात नसती तर?

सगळी दुकानं अशी नाहीत, आणि माझ्या मते वादाची किल्ली इथेच आहे. केंद्रीय शस्त्र खात्याच्या 2000 सालच्या अहवालानुसार, गुन्ह्यात सापडून चालू दुकानांपर्यंत माग लागलेल्या बंदुकांपैकी 57 टक्के बंदुका अवघ्या 1.2 टक्के दुकानांतून गेल्या होत्या. यावर विक्रेत्यांचं उत्तर असतं, की ज्याची विक्री मोठी त्याचं नाव जास्त वेळा येणारच. माग लागणं म्हणजे गुन्हा नव्हे. बरोबर. पण मिलवॉकीत याची जणू चाचणीच होऊन गेली आहे. बॅजरच्याच आधीच्या अवताराचं नाव 1999 मध्ये अशा माग लागलेल्या दुकानांच्या यादीत वर असल्याचं छापून आलं. लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा, दुकानानं स्वस्तातली छोटी पिस्तुलं विकणं थांबवलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॅनियल वेबस्टर यांच्या अभ्यासानुसार त्यानंतर शहरातल्या गुन्हेगारांपर्यंत पोचणाऱ्या नव्या बंदुकांचा ओघ 44 टक्क्यांनी घटला. एका दुकानानं विक्रीची रीत बदलली, एवढ्यानं! मग 2003 पासून संसदेनं ही मागाची माहिती जाहीर करण्यावर बंधनं आणली. वर्तमानपत्रांना छापायला काही उरलं नाही आणि त्या दुकानातून बंदुका पुन्हा वाकड्या वाटेनं जाऊ लागल्या.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. दुकानदाराला माणूस पारखायला लावलं, तर तो कातडीचा रंग पाहून पारखेल. काळ्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवेल. अमेरिकेचा इतिहास पाहता ही भीती पोकळ नाही. म्हणून मोजायची ती वागणूक, चेहरा नव्हे. वस्तू कोण निवडतो, अर्ज कोण भरतो, पैसे कुणाच्या खिशातून येतात, आधी कुणी सावध केलं होतं का. हे सगळं कागदावर आणि कॅमेऱ्यात राहतं.

2022 मध्ये बेनामी खरेदी हा तिथे स्वतंत्र केंद्रीय गुन्हा झाला. त्यात 40 डॉलरसाठी अर्ज भरणारा पोरगा सहज अडकतो. त्याच्या अर्जावरची खूण दुरुस्त होताना समोर उभा असलेला विक्रेता मात्र जाणूनबुजून सामील होता हे सिद्ध करावं लागतं. म्हणून किरकोळ विक्रेत्यापुरतं 2005 चं चिलखत काढावं, साध्या निष्काळजीपणालाही भरपाई लागू करावी आणि मागाच्या याद्या पुन्हा खुल्या कराव्यात. कारखानदारांचं संरक्षण हवं तर राहू द्या. बॅजर प्रकरणात ज्यूरीनं 2015 मध्ये दोन पोलिसांना जवळपास 60 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. अपिलाच्या कटकटीत न पडता ते प्रकरण 10 लाखांवर मिटलं.