दारूची उलटतपासणी

ग्लासच्या कडेवर व्होडकाचं ओलं बोट फिरवायचं, वर दोन-चार थेंब सोडायचे, आत मात्र निव्वळ टॉनिक वॉटर. समोरच्याला सांगायचं, ही दारू आहे. दुसऱ्याला खरी व्होडका द्यायची आणि सांगायचं, नुसतं टॉनिक आहे. तिसऱ्या-चौथ्याला खरं तेच सांगायचं. ॲलन मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली मांडलेला हा चार ग्लासांचा डाव आजही दारूच्या मानसशास्त्राचा पाया मानला जातो. दोनच वर्षांनी मार्लट आणि मंडळींनी तो आक्रमकतेवर लावून पाहिला. चिडवणाऱ्या माणसाला विजेचे धक्के देण्याची संधी मिळाली तेव्हा, ‘आपण व्होडका प्यायलोय’ असं ज्यांना वाटत होतं त्यांनी जास्त जोराचे धक्के दिले. पोटात खरोखर व्होडका होती की नव्हती, याने फारसा फरक पडला नाही.

म्हणजे चढलेली असते ती बऱ्याचदा समजूत. ‘प्यायला होता, त्याला भान नव्हतं’ हे वाक्य आपल्याकडे माजघरापासून न्यायालयापर्यंत इतकं सवयीचं आहे, की पिणाराही ते ग्लास उचलण्याआधीच तयार ठेवत असावा.

पण दारूला निर्दोष सोडायचीही घाई नको. मोठ्या मात्रेत ही फसवाफसवी टिकत नाही. चार पेग पोटात गेले की नाही हे माणसाला कळतंच. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० मध्ये जी मांडणी केली, ती मला जास्त पटते. त्यांच्या मते दारू दृष्टी अधू करते. जे ठळक आहे, हवंहवंसं आहे तेवढं दिसत राहतं. जे सूक्ष्म आहे, अडवणारं आहे ते नजरेबाहेर जातं. आता ही नजर एखाद्या पार्टीनंतरच्या खोलीत ठेवून पाहा. आपली इच्छा ठळक असते. समोरच्या बाईचं मागे सरकणं, घड्याळाकडे बघणं, आवाज बारीक होणं सूक्ष्म असतं.

मात्र हा अधूपणा कोऱ्या मनावर येत नाही. अँटोनिया ॲबी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एक तरुण आणि एक तरुणी पाच मिनिटं गप्पा मारतात, दुसरी जोडी आडून बघते. नंतर विचारलं तर पुरुषांना त्या तरुणीच्या मोकळ्या वागण्यात लैंगिक आमंत्रण दिसलं. स्त्रियांना त्या मानाने कमी. तिथे दारूचा थेंब नव्हता. पुढे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात ॲबींनी याच प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. त्यांचा ढोबळ अंदाज असा, की सुमारे निम्म्या लैंगिक अत्याचारांत अत्याचारी, पीडिता किंवा दोघांनीही मद्य घेतलेलं असतं. एवढ्यावरून दारू हेच कारण असं मात्र म्हणता येत नाही. ज्याला संधी साधायची आहे तो पार्टीलाच जातो, आणि पार्टीत पितोच.

कारण शोधायचं तर प्रयोग हवा, आणि हा प्रयोग खऱ्या बाईवर करणं म्हणजे गुन्हाच. म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीस एक ध्वनिफीत आली. एका जोडप्याचा संवाद ऐकायचा; ती आधी हळू, मग ठामपणे नको म्हणते; ‘आता याने थांबायला हवं’ असं वाटताच बटण दाबायचं. प्यायलेल्या पुरुषांचं बोट उशिरा हललं. पण फीत ऐकणारा तिऱ्हाईतच असतो. खुर्चीत बसून दुसऱ्याला थांबवणं वेगळं, स्वतः थांबणं वेगळं.

पुढची पायरी म्हणजे आभासी भेट. समोर संगणकातली तरुणी, पुढे काय करायचं ते स्वयंसेवकाच्या हाती. ॲबींच्या गटाने अशाच एका कृत्रिम डेटवर २०१८ मध्ये लेख प्रसिद्ध केला. नकारानंतर पुरुष किती रेटतो आणि किती शत्रुत्वाने बोलतो, हे त्यात मोजलं होतं. या पद्धतीचा मोठा गुण असा, की ‘नको’ म्हणण्याचा सूर प्रत्येक पुरुषासाठी सारखा ठेवता येतो. ‘तिने नीट सांगितलंच नाही’ ही पळवाट बंद. या साऱ्या संशोधनातून वारंवार पुढे येतं ते हे, की दारूचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. स्त्रियांबद्दल मनात आधीच आकस असलेल्यांवर तो अधिक दिसतो.

संगणकातली तरुणी खरी नाही हे ठाऊक असताना कोण कशाला मनावर घेईल? मेल स्लेटर यांनी २००६ मध्ये लंडनमध्ये हुकमावरून माणूस दुसऱ्याला विजेचे धक्के कुठवर देतो हे पाहणारा मिलग्रामचा प्रसिद्ध प्रयोग आभासी स्त्रीवर केला. सगळं खोटं आहे हे माहीत असूनही तिला धक्के देताना लोक अस्वस्थ झाले, काहींनी मध्येच सोडून दिलं. तेव्हा ही शंका थोडी ढिली पडते. माझी शंका दुसरी आहे. खेळ म्हटला की माणूस पुढची पातळी गाठायला बघतो. पडद्यावर पर्याय दिसतोय म्हणून दाबणारा आणि दारं बंद झाल्यावर खरोखर रेटणारा यांना हे यंत्र वेगळं कसं काढणार? शिवाय शेजारच्या खोलीत संशोधक बसलेला, आणि श्वासातली दारू उतरेपर्यंत घरी जायला बंदी. इतकी शिस्तीची नशा बाहेर कुठे भेटते?

तरी बचावाच्या वकिलाला या संशोधनातून फार काही हाती लागेल असं वाटत नाही. स्वखुशीने प्यायलेल्याला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती असं धरायचं, हे आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेपासून चालत आलं आहे. बटणावरचं बोट उशिरा हललं याचा अर्थ नकार ऐकू आला नाही असा होत नाही.

आभासी भेटीचं हेच तंत्र उलट्या बाजूनेही वापरलं गेलं. टेक्ससमध्ये अर्नेस्ट जूरिल्स आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलींना आभासी मुलासमोर ठाम नकार द्यायचा सराव दिला. ८३ मुलींच्या छोट्या चाचणीत, सराव मिळालेल्यांना नंतर त्रास कमी झाल्याचं दिसलं. चांगलंच आहे, पण नकाराची शिकवणी पुन्हा मुलींनाच. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दुसरी बाजू धरली. घरात हिंसा केलेल्या पुरुषांना त्यांनी आभासी स्त्रीच्या शरीरात उभं केलं आणि समोरून एक पुरुष ओरडत अंगावर आला. बाईच्या चेहऱ्यावरची भीती ओळखण्यात हे पुरुष आधी कमी पडत होते. नंतर ती ओळख सुधारली. सुधारणा मोजली ती चेहरे ओळखण्याच्या चाचणीवर. घरी गेल्यावरच्या वागण्याचं माप अजून घ्यायचं आहे, आणि ते घेताना घरातल्या बाईला विचारावं लागेल.