अवधानाचे बुडीत क्षेत्र

मोबाइलच्या पडद्यासंबंधीची नैतिक चर्चा सहसा दोन टोकांना अडकून पडते. एका टोकाला व्यसनाची भाषा असते : पडद्यात गुंतलेला माणूस दुर्बळ आणि संयम हा त्यावरचा उपाय. दुसऱ्या टोकाला साधनाच्या निरागसतेचा युक्तिवाद असतो : यंत्र बरे नसते की वाईट नसते, सारे वापरणाऱ्यावर अवलंबून. वरकरणी परस्परविरोधी भासणाऱ्या या भूमिकांचे गृहीतक एकच आहे. दोन्ही अवधानाला व्यक्तीची खाजगी बाब मानतात; परिणामी अवधान जेथे साठवले, मोजले आणि विकले जाते ती व्यवस्था चर्चेबाहेरच राहते.

या व्यवस्थेचा अन्वय लावताना कर्जत-खालापूरचा इतिहास उपयोगी पडतो. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली उतरवून १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. खोपोलीची वीज प्रथम गेली ती मुंबईच्या गिरण्यांकडे. पाणी पूर्वीही वाहतच होते. नवे होते ते त्याच्या उताराला आलेले मोल. याच मालिकेतील मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण व्हायचे ते झालेच. परंतु काय बुडणार हे मावळातील शेतकऱ्याला दिसत होते आणि त्या जमिनीवर उभे राहून त्याला नकार देता येत होता.

अवधानावर बांधलेल्या धरणाला असे दृश्य बुडीत क्षेत्र नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरानुसार भिन्न दर आकारण्यास मनाई केली आणि निवडक संकेतस्थळे फुकट दाखविण्याची फेसबुकची योजना भारतात थांबली. फुकटाचे तर्कशास्त्र मात्र थांबले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने आरंभीचे काही महिने मोफत सेवा देत बाजारात प्रवेश केला; पाठोपाठ इंटरनेटचे दर कोसळले. २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून ९.९९ टक्के हिस्सा घेतला. जिचे जवळजवळ सारे उत्पन्न जाहिरातींतून येते अशा कंपनीने स्वस्त जोडणी विकणाऱ्या कंपनीत भांडवल घालावे, यातील संगती उघड आहे. जोडणी हा पाट आहे. विकले जाते ते त्यातून वाहणारे अवधान.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घ्यावा लागतो. दिवसभर मुंबईत राबून लोकलने कर्जतला परतणाऱ्या माणसाचे दोन तास पडद्यावर गेले, तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाचा? डब्यातील भजन आणि वर्तमानपत्र यांना संस्कृती म्हणायचे आणि मोबाइलवरील चित्रफितीला अधःपात, या भेदात अभिरुचीचा अहंकार दडलेला असू शकतो. शिवाय १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा त्या वाडीपर्यंत गाडीरस्ताही नव्हता. अशा वाड्यांसाठी मोबाइलला चैन म्हणणे निर्दयपणाचे ठरेल. म्हणून प्रश्न साधनाच्या त्यागाचा राहत नाही. तन्मयता कोणत्या प्रकारची, आणि ती कोणाच्या हेतूने घडविली जाते, असा तो आहे.

या प्रश्नासाठी भारतीय साहित्यशास्त्राजवळ एक सूक्ष्म संकल्पना आहे. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली; त्यांपैकी एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षकाने आपल्याच सुखदुःखाच्या अधीन असणे. गीत, वाद्य, मंडपाची शोभा यांची योजना हे विघ्न दूर व्हावे म्हणून असते. प्रेक्षकाला त्याच्या ‘स्व’पासून सोडविणे हा तेथील रंजनाचा हेतू आहे. सरकत्या पडद्याचा क्रम याच्या नेमका उलट चालतो. प्रेक्षकाने मागे काय पाहिले, कोठे तो रेंगाळला, यावरून पुढचे दृश्य निवडले जाते. त्याचा ‘स्व’च त्याला पुनःपुन्हा वाढला जातो. जे विघ्न होते तेच येथे भांडवल बनते. बाहेरून दोन्ही अवस्था तन्मयतेच्याच दिसतात, पण पहिलीत साधारणीकरण आहे आणि दुसरीत विवशता.

दुसरा भेद समाप्तीचा. संस्कृत नाटकाला भरतवाक्य असते. भजनाचा डबाही स्थानक आले की रिकामा होतो. पडद्यावरील ओघाला शेवट नसणे ही यंत्राची प्रकृती नव्हे, तो रचनाकाराचा निर्णय आहे. निर्णय आहे म्हणून त्याची जबाबदारी आहे. ती केवळ थकलेल्या प्रवाशाच्या संयमावर लोटणे हा नैतिक विचार नव्हे. संयम आवश्यक असेलही, परंतु मुळशीच्या शेतकऱ्याला कोणी पोहायला शिकण्याचा उपदेश केला असता, तर तो न्याय ठरला नसता. काय बुडते आहे याची मोजणी आधी व्हावयास हवी. आणि एकाग्र वाचन हाच जिचा व्यवहार, त्या समीक्षेला या मोजणीतून अंग काढून घेता येणार नाही.