सोडत न निघालेली घरं

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एलिझाबेथ स्ट्रीट गार्डन ही एकरभराची बाग आहे. जागा पालिकेची. १९९१मध्ये एका कलावस्तूंच्या व्यापाऱ्यानं ती भाड्यानं घेतली, झाडं लावली, दगडी पुतळे मांडले. तिथं ज्येष्ठांसाठी परवडणारी १२३ घरं बांधायची योजना २०१९मध्ये मंजूर झाली. मार्टिन स्कॉर्सेसी, रॉबर्ट डी नीरो, पॅटी स्मिथ बागेच्या बाजूनं उभे राहिले. २०२५मध्ये महापौर एरिक अ‍ॅडम्स यांनी योजना गुंडाळली. बदल्यात दुसऱ्या तीन जागांवर ६२०हून अधिक घरांचं आश्वासन.

मला यात न आलेली माणसं खुपतात. बागेत रोज बसणाऱ्याला आपलं काय जाणार ते ठाऊक असतं. तो पत्र लिहितो, सभेला जातो. घरं मात्र सोडतीनं मिळणार होती. सोडतच निघाली नाही, म्हणजे ‘माझं घर गेलं’ म्हणणारं माणूसच तयार झालं नाही. (म्हाडाच्या सोडतीत नाव न लागलेल्याला निदान हळहळता तरी येतं.) आमच्या धंद्यातही हेच. ज्याला अ‍ॅप उघडताच आलं नाही तो तक्रार नोंदवत नाही, आणि आम्ही समजतो, सगळं ठीक चाललंय.

बागवाल्यांना स्वार्थी म्हणून मोकळं होता येईल, पण दाटीच्या वस्तीत सावलीतला बाक म्हाताऱ्यांनाही हवाच असतो. ६२० हे १२३पेक्षा जास्त, हेही खरंच. फक्त हे गणित माझ्या वयाचं आहे. मला पाच वर्षं थांबायला सांगा, कुरकुरत थांबेन. पंच्याऐंशीव्या वर्षी तीन जिने चढणाऱ्या आजींना तेच सांगताना आपण त्यांच्याकडे नेमकं काय मागतोय?