शनिवारी थांबणारा घाणा

घर कशाचं होतं, असं विचारलं तर आपण भिंती, जागा आणि कर्जाचे हप्ते मोजू लागतो. त्यात चूक काही नाही. डोक्यावर छप्पर नसेल तर पुढचं सगळं बोलणं फोल आहे. पण छप्पर मिळूनही काही जणांना परकं वाटत राहतं आणि गाव सुटूनही काही माणसं बेघर होत नाहीत. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर कोकणातल्या मराठी ज्यूंकडे, म्हणजे बेने इस्रायल समाजाकडे पाहावं.

या समाजाची परंपरा सांगते, की अनेक शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच मूठमाती दिली गेली. वाचलेल्यांजवळ धर्मग्रंथ उरले नाहीत, परतीची वाट उरली नाही. पुढे पूर्वजांची भाषाही सुटली. मराठी तोंडात बसली, लुगडं अंगावर आलं आणि तेलाचा घाणा चालवून ही कुटुंबं पोट भरू लागली. जुन्यातलं राहिलं ते एवढंच: मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, थोडे सण-उपास, ‘शेमा’ ही एक प्रार्थना आणि शनिवारी काम बंद.

हातावर पोट असलेल्या माणसाने आठवड्यातला एक दिवस घाणा बंद ठेवायचा, म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायचं. पाहायला धर्मगुरू नव्हता, वाचून खात्री करायला पोथी नव्हती आणि घाणा चालवला असता तर जाब विचारणारं कुणी नव्हतं. तरीही शनिवार आला की घाणा थांबत असे. आईबापांना पाहून मुलं थांबत, त्यांना पाहून नातवंडं. पूर्वजांच्या ज्या भूमीची आठवणही धूसर झाली होती, तिच्याशी असलेलं नातं या लोकांनी असं एका दिवसात जपून ठेवलं.

या गोष्टीतला शेजाऱ्यांचा वाटाही मला तितकाच मोठा वाटतो. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते. हे नवे तेली शनिवारी बंद ठेवतात, एवढा फरक गावाने पाहिला आणि त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. तुमचा वार वेगळा का, म्हणून कुणी भांडायला उठलं नाही. शेजाऱ्यांनी आम्हाला धर्मापायी कधी छळलं नाही, हे हा समाज आजही कृतज्ञतेने सांगतो.

म्हणूनच कोकण त्यांच्या नावात उतरलं. पेणचे पेणकर झाले, नवगावचे नवगावकर, दिवे गावचे दिवेकर. पुढे बरीच कुटुंबं मुंबईला गेली. तिथे 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी या समाजाचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधलं. लोक त्यांना सामाजी हसाजी म्हणून ओळखत. 1874 मध्ये पुण्यात ‘हग्गादा’ छापली गेली, हिब्रू आणि मराठीत. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची कथा ज्यू कुटुंबं पेसाह सणाच्या रात्री ज्या पुस्तकातून वाचतात, ते हे पुस्तक. त्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क आपल्याकडच्या वेशात बसलेल्या आहेत. मोझेस आणि जोसेफ यांच्या कथांवर मराठीत कीर्तनंही होऊ लागली. दूरच्या घराची आठवण इथल्या घराच्या भाषेत बोलू लागली होती.

मग 1948 मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झालं आणि पुढच्या काही दशकांत समाजातले बहुसंख्य लोक तिकडे गेले. ज्या भूमीसाठी पिढ्यान् पिढ्या घाणा थांबला, ती भूमी पायाखाली आली. पण तिथे पोचल्यावर काही धर्माधिकाऱ्यांनी शंका काढली, की हे लोक खरे ज्यू आहेत का? त्यांच्या लग्नांत अडथळे आले. शनिवार तेल्यांना शनिवारचा पुरावा मागण्यासारखंच होतं ते. समाज गप्प बसला नाही, त्याने निदर्शनं केली. अखेर 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने स्पष्ट केलं, की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत. स्वप्नातली भूमीसुद्धा नुसतं पाऊल ठेवल्याने घर होत नाही. आधीपासून राहणाऱ्याने सरकून जागा द्यावी लागते.

आज लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा या शहरांत ही मराठी कुटुंबं आहेत. आजारपणातून कुणी उठलं, लग्न ठरलं किंवा नवं घर घेतलं, की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण करून तिथे मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. कोकणातल्या माणसाला हे ताट ओळखायला वेळ लागणार नाही. लग्नात हिरव्या बांगड्या आणि मेंदी असते, नववर्षाला चिकाचा हलवा होतो. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथे निघालं. पूर्वी कोकणात बसून शनिवार पाळला, आता तिकडे बसून कोकण पाळतात. जागा उलटसुलट झाल्या, पाळणारे हात तेच राहिले.

मला वाटतं, घराचं मर्म या पाळण्यात आहे. जागा विकत घेता येते, वारशाने मिळते, धरणाखाली जाते, पुनर्विकासात पाडली जाते. जे आपण स्वतः, ठरल्या वेळी, आपल्या माणसांबरोबर करत राहतो, ते मात्र कुणी ताब्यात घेऊ शकत नाही. त्याची अट एकच आहे: ते करावं लागतं. नुसती आठवण काढून हळहळल्याने घर टिकत नाही. बेने इस्रायल समाज नुसत्या आठवणीवर जगला नाही. त्याने दर शनिवारी घाणा थांबवला.

आपल्यापैकी किती तरी जणांचं गाव सुटलं आहे. कुणी धुळ्याहून पुण्याला, कुणी लातूरहून मुंबईला, कुणी रत्नागिरीहून थेट न्यू जर्सीला गेलेलं असतं. घराची ओढ लागली की आपण मनाने परत जायला निघतो. त्याऐवजी आज एक गोष्ट हाती घ्यावी. आजीच्या हातचा एखादा पदार्थ मुलांना शेजारी उभं करून शिकवावा. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून दहा मिनिटं बसायचं, असं ठरवावं आणि ते मोडू नये. छोटं असलं तरी चालेल, नेमाचं असावं.

दुसरी गोष्ट शेजारधर्माची. आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत, आपल्या कारखान्यात कुणीतरी दुरून आलेलं असेल. त्याचा वार वेगळा असेल, त्याच्या फोडणीचा वास वेगळा असेल, त्याची मराठी अजून अडखळत असेल. नवगावच्या किनाऱ्यावर आलेल्या चौदा जणांना कोकणाने जागा दिली, ते कोकण आपलंच आहे. आज त्या माणसाला नावाने हाक मारा, त्याचा सण कधी असतो ते विचारा. आपलं घर आपण नेमाने राखायचं असतं आणि दुसऱ्याचं घर होऊ द्यायचं असतं. ही दोन्ही कामं आजच्या दिवसात होण्यासारखी आहेत.