वहिवाट

१५ एप्रिल २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा बंद केली. 'हेलो २' हा त्या यंत्रावरचा सगळ्यात गाजलेला ऑनलाइन खेळ. त्या तारखेनंतर नव्याने कुणाला आत शिरता येईना. पण जे आधीपासून आत होते, त्यांना कुणी बाहेर काढलं नाही. मग त्यातल्या काही जणांनी ठरवलं, की यंत्र बंदच करायचं नाही. दिवसरात्र चालू ठेवायचं. कुणाचं यंत्र अडकलं, कुणाचं नेट गेलं, आणि एकेक गडी गळत गेला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा खेळाडूही बाहेर पडला.

वेडेपणा वाटतो ना? मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटला होता. पण जरा हिशेब करून बघा. या लोकांकडे यंत्र होतं, डिस्क होती, कंट्रोलर होता. दुकानात पैसे मोजून आणलेलं सगळं घरातच होतं. तरीही ते काहीतरी घट्ट धरून बसले होते. ते काय होतं?

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा अनुभव आहे. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतासाठीचे सर्व्हर बंद झाले. कारण वेगळं होतं, पण आपल्या हातात तेच घडलं. फोन तोच, ॲप तेच, आणि पलीकडे कुणी नाही.

जुन्या खेळांचे दोन प्रकार असतात. आमच्या मिरजोळ्यात माझ्या लहानपणी 'व्हिडिओ गेम' म्हणजे टीव्हीला लावायचं स्वस्तातलं यंत्र आणि पिवळी कॅसेट. लाखो गेम्स असल्याचा दावा करणारी, आत जेमतेम दहाबारा. ती कॅसेट आजही फुंकर मारून लावली तर चालते. तिला जगाकडून काही नको. दुसरा प्रकार मॉडेमचा. १९९४ मध्ये अमेरिकेत 'एक्सबँड' नावाचं मॉडेम आलं. ते सेगाच्या आणि निन्टेन्डोच्या यंत्रात कॅसेटसारखं खोचायचं आणि फोनच्या तारेवरून दुसऱ्या गावातल्या मुलाशी खेळायचं. १९९७ मध्ये ती सेवा बंद झाली. मॉडेम बिघडलं नव्हतं, फक्त त्याचा फोन उचलणारं कुणी राहिलं नाही. कॅसेट ही वस्तू आहे. मॉडेम ही अर्धीच वस्तू, उरलेली अर्धी दुसऱ्याच्या घरी.

म्हणूनच अशी यंत्रं जिवंत ठेवणाऱ्या हौशी लोकांचं काम मला साध्या जुन्या वस्तूंच्या संग्रहापेक्षा वेगळं वाटतं. तिकिटं जमवणाऱ्याला दुसऱ्या कुणाची गरज नसते. इथे मात्र एकट्याने काहीच वाचवता येत नाही.

सेगाच्या ड्रीमकास्टचं उदाहरण घेऊ. १९९८ मध्ये जपानात आणि १९९९ मध्ये बाकीच्या जगात आलेलं हे यंत्र मॉडेम घेऊनच विकलं जात होतं. २००१ मध्ये सेगाने त्याचं उत्पादन थांबवलं, आणि पुढच्या काही वर्षांत सर्व्हरही गेले. आता मुद्दा असा, की त्या मॉडेमला फोनची लाइन हवी, आणि घराघरांतली लँडलाइन तर केव्हाच गेली. यावर हौशी मंडळींनी काढलेला तोडगा म्हणजे 'ड्रीमपाय'. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आणि त्याला जोडलेलं एक यूएसबी मॉडेम. हा संगणक ड्रीमकास्टला डायल टोन ऐकवतो. ड्रीमकास्टला वाटतं, लाइन आहे. ते नंबर फिरवतं. संगणक तो नंबर ओळखतो, फोन उचलतो आणि घरातलं आजचं इंटरनेट त्याच्यापुढे जुन्या डायल-अपसारखं मांडतो. खेळ आपल्या जुन्या सर्व्हरचं नाव घेऊन पत्ता विचारतो, तेव्हा त्याला हौशी लोकांनी चालवलेल्या नव्या सर्व्हरचा पत्ता सांगितला जातो. काही मॉडेमना खऱ्या लाइनमधलं व्होल्टेज लागतं, तर तेही वेगळं छोटं सर्किट लावून पुरवतात.

माझ्याकडे मित्राच्या वडिलांनी आखातातून आणलेलं एक ड्रीमकास्ट आहे. ते मी असंच जोडलं आणि पहाटे तीन वाजता 'फँटसी स्टार ऑनलाइन'मध्ये शिरलो. लोक मोजके असल्यामुळे ते वेळ ठरवून जमतात, आणि ती वेळ आपल्याकडे नेमकी पहाटेची. आत चारपाच जण. या खेळात ठरावीक वाक्यं निवडून पाठवण्याची सोय आहे, आणि ती समोरच्याला त्याच्या भाषेत दिसतात. पाच भाषा, २००० सालच्या खेळात. कुणीतरी मला 'सोबत चल' असं काहीसं म्हटलं. तो कुठल्या देशातून आणि कुठल्या भाषेत बोलला, मला आजही माहीत नाही.

आता खरा प्रश्न. हा सर्व्हर उभा करायचा अधिकार त्यांना कुणी दिला? खेळ सेगाचा, नाव सेगाचं. कंपनीने दार लावलं, तर ते उघडणारे हे कोण?

याचं उत्तर शोधताना मला कोकणातलाच एक शब्द उपयोगी पडला: वहिवाट. आमच्या आगरातून वाडीची पाखाडी जाते. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगा. जमीन आमची, सातबारा आमचा, पण त्या वाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही अडवू शकत नाही, कारण ती माणसं पिढ्यानपिढ्या तिथून चालत आली आहेत. १८८२ चा सुविधाधिकार कायदा हेच सांगतो. उघडपणे, शांततेत, हक्क म्हणून २० वर्षं खंड न पडता वापर झाला, की चालण्याचा हक्क तयार होतो. लक्षात घ्या, या हक्काने जमीन चालणाऱ्याच्या नावावर होत नाही. त्याला तिथले नारळ पाडता येत नाहीत. पण वाटेवर गडगा घालायचा अधिकार मालकाकडेही राहत नाही.

ऑनलाइन खेळ विकताना कंपनी डिस्क विकते असं म्हणते, पण माणूस विकत घेतो ती वाट. आणि या वाटेवर २० वर्षं चालायची संधीच मिळत नाही, कारण त्याआधीच ती बंद होते. आजचा कायदाही डिस्क समजू शकतो, वाट समजू शकत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये कॉपीराइट कायद्यातून एक सूट देण्यात आली. कंपनीने ओळख तपासणारा सर्व्हर बंद केला असेल, तर ते कुलूप काढून घरी खेळत राहता येईल. मात्र घरापुरतंच. इतरांशी ऑनलाइन खेळण्यासाठी ती सूट नाही. म्हणजे कॅसेट वाचवा, मॉडेम राहू दे. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर बंद केले. त्यानंतर युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. खेळ फुकट द्या, अशी ही मागणी नाही. विकलेला खेळ बंद करताना तो चालण्याजोगा सोडून जा, एवढंच.

तुम्ही म्हणाल, कंपनीने किती दिवस पैसे घालायचे? बरोबर आहे. वहिवाटीतही जमीनमालकाला पायऱ्या दुरुस्त करायची सक्ती नाही. चालणारे बघून घेतात. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हलका नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये भोकं असतात, आणि तिथे कुणी लहान मुलाशी गैर वागलं तर तक्रार कुणाकडे करायची? हौशी लोकांनी सर्व्हर हाती घेतला, की ही जबाबदारीही हाती घेतली. फक्त आठवणींचा आनंद घेऊन ती झटकता येणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. गोष्टी संपू द्याव्यात की नाही? २००१ मधला चौदा वर्षांचा मुलगा आता चाळिशीकडे आलाय. सर्व्हर परत आला, तो मुलगा येणार नाही. मग हा हट्ट कशाला?

कोकणात बंद घरं खूप. मालक मुंबईला, आणि शेजारचा कुणीतरी रोज संध्याकाळी दिवाबत्ती करतो. त्याच्याकडे किल्ली असते. मालक आज येईल म्हणून तो दिवा लावत नाही. घर पडीक होऊ नये, गणपतीला कुणी आलंच तर दार उघडता यावं, म्हणून लावतो. याला राखण म्हणतात. राखण आणि मालकी यांतला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे: किल्ली तो पुढे कुणाला देतो का?

हौशी लोकांकडेही मी याच नजरेने बघतो. काही जण सर्व्हरचा कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवतात, कसं चालतं ते लिहून ठेवतात. उद्या ते थकले, तर दुसरा कुणी दिवा लावू शकतो. काही जण मात्र सगळं आपल्या मुठीत ठेवतात. तेही कष्ट घेतात, पण त्यांनी कंट्रोल बंद केला, की खेळाडू पुन्हा तिथेच येऊन उभे, जिथे कंपनीने सोडलं होतं. मेलेलं जिवंत केलं म्हणून कुणी आपोआप चांगला ठरत नाही. आपल्यानंतर ते आपल्याशिवाय चालेल का, ही कसोटी.

हा विचार माझ्यासाठी फावल्या वेळेचा राहिलेला नाही. मी मिरजोळ्यातल्या घरातून पुण्यातल्या एका कंपनीसाठी काम करतो. शीतगृहांत तापमान नोंदवणारी आमची काही उपकरणं आहेत. दहाएक वर्षांपूर्वी विकलेली, आजही ठणठणीत. आमच्या एमआयडीसीत मासळीचे कारखाने आहेत, त्यामुळे अशा उपकरणावर काय अवलंबून असतं ते मला समजावून सांगावं लागत नाही. या उपकरणांचा सर्व्हर बंद करायचं काम माझ्याकडे आलंय. सर्व्हर गेला, की उपकरण म्हणजे भिंतीवरचा डबा. ड्रीमकास्ट वाचलं, कारण त्याला नवा पत्ता सांगता येत होता. पहिल्या एक्सबॉक्सचं तसं नव्हतं. यंत्र आणि सर्व्हर गुप्त किल्ल्यांनी एकमेकांची ओळख पटवत, त्यामुळे 'इन्सिग्निया' नावाची पर्यायी सेवा यायला २०२२ उजाडलं. बारा वर्षं.

म्हणून मी टीमपुढे एक प्रस्ताव ठेवलाय. शेवटच्या अपडेटमध्ये सर्व्हरचा पत्ता ग्राहकाला बदलता यावा, आणि उपकरण काय पाठवतं ते चार पानांत लिहून ग्राहकांना द्यावं. काम दोन आठवड्यांचं. टीमलीड म्हणाला, "यातून आपल्याला काय मिळणार?" प्रश्न वाजवी आहे, आणि पैशांच्या भाषेत माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. निर्णय पुढच्या महिन्यात होईल.

तुमच्यापैकी अनेक जण पुढे असंच काहीतरी बनवाल, आणि कधीतरी ते बंदही कराल. बंद करणं हा गुन्हा नाही. पण तुमच्या जमिनीतून कुणाची वाट गेली आहे का, ते गडगा घालण्याआधी बघा. असेल, तर एक माणूस जाईल एवढी जागा सोडा.