पडणाऱ्यावर हसावे काय?

होटगी हे जंक्शनचे गाव. बाजारात मराठी, शेजारी कन्नड, घरात दखनी आणि आमच्या वर्गात उर्दू. म्हणून मुलांना चार्ली चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' (१९२५) दाखवला. मूकपटाला भाषेची अडचण नाही; मधल्या पाट्यांचा अर्थ आम्ही सांगत गेलो. भुकेला चार्ली बूट शिजवतो, नाडी शेवयांसारखी काट्याला गुंडाळतो, खिळे हाडांसारखे चोखतो. मुले हसून हसून लोळली.

त्याच आठवड्यात ओल्या पायरीवरून एक मुलगा घसरला. डबा सांडला. मुले तशीच हसली आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही.

कुणाची टर उडवू नये, ही सूरह हुजुरातची शिकवण आम्हीच मुलांना देतो. मग पडद्यावरच्या माणसाला हसणे रास्त आणि पायरीवरच्याला हसणे गुनाह, असे का?

पडद्यावर सारे खोटे असते, हे उत्तर पुरत नाही. तो बूट मिठाईचा होता हे खरे. पण लहानपणी लंडनच्या गरीबखान्यात राहिलेल्या चॅप्लिनला भूक ठाऊक होती. १९२८च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये बस्टर कीटनवर घराची अख्खी भिंत कोसळते. ती भिंत खरीच वजनदार होती. खिडकीच्या मोकळ्या चौकटीत नेमका उभा होता म्हणून तो वाचला.

आम्हाला वाटते, फरक इजाजतीचा आहे. चार्ली आपले पडणे स्वतः आपल्यापुढे मांडतो, उठतो, टोपी झटकतो. बूट खातानाही दस्तरखानाची तमीज सोडत नाही. त्याला हसताना आपण त्याच्याहून उंच होत नाही. आपलीच फजिती आठवते. त्या मुलाने मात्र आम्हाला इजाजत दिली नव्हती. आमच्या हसण्यात 'बरे झाले, आपण नव्हतो' एवढेच होते.

सगळेच मूकपट निर्मळ होते असेही नाही. काळ्या वर्णाच्या माणसांना, लठ्ठ माणसांना निव्वळ चेष्टेसाठी उभे केलेली दृश्ये त्यांत आहेत. तिथे आज हसू येत नाही, यायलाही नको. शंभर वर्षांनंतर टिकले ते पडून उठणाऱ्याचे हसू.

मुलगा परतला तेव्हा आम्ही वर्गासमोर त्याची माफी मागितली. तेव्हापासून वर्गात एकच नियम आहे : आधी हात द्यायचा. पडलेला स्वतः हसला, तरच आपण हसायचे.