ऋण कशाचे?

भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवर, डोंगरी हे आमचे गाव. आमचे म्हणतो खरे, पण आम्ही मूळचे राजापूर तालुक्यातले. इथे बिऱ्हाड केले ते १९८४ साली. दिवाळीत ओटीवर पणत्या मांडताना आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आठवण होते आणि तिच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो : बापाच्या कष्टांचे ऋण फेडायचे म्हणजे नेमके काय फेडायचे?

आबा १९५६ साली बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, ते एक वळकटी आणि गाववाल्याचा पत्ता घेऊन. परळच्या गिरणीत आधी बदली कामगार, मग साळखात्यात कायम. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी पाठ टेकणार. जेवण खाणावळीत. महिन्याला घरी मनीऑर्डर येई. आबा मात्र गणपतीला आणि शिमग्याला तेवढे येत. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे कोकणातल्या हजारो घरांची हीच रीत होऊन बसली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आबांसारख्या असंख्यांना पुन्हा आत जाता आले नाही. दोन वर्षांनी मी डोंगरीत खोली घेऊन आईला आणि त्यांना आणले. साच्यावर आयुष्य गेलेला हा माणूस उतारवयात भाईंदरच्या एका लहान कारखान्यावर राखणदार झाला.

एका संध्याकाळी ओटीवर बसलो असता त्यांनी एकाएकी विचारले, "काय रे, चौथीत असताना तू दिसायचास कसा?"

मला थट्टा वाटली. पण ते हसत नव्हते. त्या वर्षी माझ्या वह्या-पुस्तकांसाठी किती रुपये धाडले, हे त्यांना पाठ होते. चेहरा काही केल्या आठवत नव्हता.

"उद्या सांगतो, आबा," म्हणून मी उठलो. कामावरून दमून आलो होतो. तो उद्या बारा वर्षे पुढे जात राहिला. १९९७ साली आबा गेले.

अशा आयुष्याला आपण त्याग म्हणतो आणि तसबिरीला हार घालतो. मला तो शब्द आता खटकतो. आबांनी तो कधी उच्चारला नाही, ते म्हणत, "पोटासाठी." त्याग म्हटले की घेणाऱ्याचे मन हलके होते, आणि ज्या परिस्थितीने बापाला मुलापासून तोडले तिला जाब विचारायचे राहून जाते.

शास्त्रांनी पितृऋण सांगितले आणि ते संततीने फिटते असेही सांगितले. बापाचे देणे पुढच्या पिढीला चुकवायचे, यातले शहाणपण मला पटते. पण त्याची भीतीही वाटते. आबांच्या औषधांना मी कधी खळ पडू दिला नाही, मुलाच्या शिक्षणात काही उणे ठेवले नाही. परंतु दोघांनाही मी दिले ते आबांनी मला दिले तेच : पैसे आणि उद्याचा वायदा. कर्ज फेडतो म्हणता म्हणता मी ते वाढवीतच आणले होते.

मग आबांवर रुसावे काय? छे! त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, माझ्यापुढे होता. त्यांनी साच्यापुढे उभे राहून मला जी थोडी मोकळीक मिळवून दिली, ती मी कशात घालवली, एवढाच हिशेब मला द्यायचा आहे. तो मला अजून नीट देता येत नाही.

नातू यंदा चौथीत आहे. मुलगा कामावरून रात्री नऊच्या आत घरी येत नाही. परवा मी त्याला म्हटले, "फराळाचे राहू दे, पण पणत्या लावायच्या वेळी घरी ये."

तो म्हणाला, "बघतो, बाबा."

मी गप्प बसलो. तो शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता.